पंप बदलायला गेलो होतो

गेल्या वर्षी आमच्या निवृत्त शिक्षक मंडळाच्या अंकात मी काश्मीर लिहिलं होतं. शिकारा, केशर, बर्फात घसरून बसलेली सौ., सगळं आलं होतं त्यात. यंदा संपादकांनी विचारलं, "सर, या वर्षी कुठं?" म्हटलं, मोशी. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मोशी म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या टोकाला, इंद्रायणीच्या काठावर, पुढं चाकण. तिथं बघायचं काय, तर कंपन्या आणि कंटेनर. पण उभ्या आयुष्यात एवढी मान खाली घालून मी कुठून परत आलो नव्हतो, त्यामुळं लिहायचं तर तेच. काश्मीर कुणीही लिहील.

आधी गाडीचं सांगतो. निवृत्त झाल्यावर मी एक जुनी डिझेल पिकअप घेतली. आमच्या कोरेगाव भागातला घेवडा आणि आलं पुण्याच्या बाजारात पोचवायचं, आपलंही आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचंही. चालवायला सुमेध होता. तिशीतला, कमी बोलणारा, गाडी पोटच्या पोरासारखी जपणारा. दोन वर्षांत एक ओरखडा नाही. दिवाळीनंतर मात्र गाडीनं रंग दाखवायला सुरुवात केली. सुमेधचा फोन यायचा, "सर, गाडी बंद पडली. डिझेल वर येत नाहीये." मी मोटारसायकलवर धापा टाकत पोचायचो, चावी फिरवायचो, की गाडी पहिल्या झटक्यात चालू! एकदा झालं, दोनदा झालं. पाचव्या खेपेला मी ठरवूनच टाकलं की हा रस्त्यात झोपा काढतोय, नाहीतर डिझेल विकून टाकीत रॉकेल ओततोय. तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलेला माणूस मी. "पुराव्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही" हे फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढायचो.

हे मी घरात बोललो असतो तर एक वेळ चाललं असतं. मी बोललो स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर, सकाळी दहाला, म्हणजे अख्खं गाव तिथं असतं तेव्हा. चावी मागून घेतली आणि म्हणालो, "चोराच्या हातात मी गाडी देत नसतो." सुमेधनं चावी बाकावर ठेवली. "सर, मी काही केलेलं नाही," एवढंच म्हणाला आणि गेला. आमच्याकडं चोर म्हटलेल्या ड्रायव्हरला दुसरा कुणी गाडी देत नाही. पंधरा दिवसांत तो गाव सोडून गेल्याचं कानावर आलं. आणि खोटं कशाला बोलू, मला तेव्हा बरंच वाटलं होतं. गेला म्हणजे चोरच होता, असं माझं सरळ गणित.

बोगद्याच्या अलीकडे

सुमेध गेला, पण गाडी पडायची थांबली नाही. शहाण्या माणसाला इथंच कळलं असतं. मी म्हणालो, रॉकेल पाजून पाजून त्यानं फीड पंपाची वाट लावून ठेवलीय. फीड पंप म्हणजे टाकीतलं डिझेल ओढून इंजिनाकडं ढकलणारा छोटा पंप, विहिरीवरच्या मोटरचा धाकटा भाऊ समजा. गावातल्या मिस्त्रीनं फिल्टर बदलला, डिझेलच्या नळीत अडकलेली एअर काढली आणि हात टेकले. तेव्हा मला वैशाली आठवली. माझी जुनी विद्यार्थिनी. चाकणला एका कंपनीत पंपांच्या टेस्टिंगला होती, आता मोशीत स्वतःचं डिझेल पंपांचं गॅरेज चालवते. फोन केला तर म्हणाली, "सर, विचारता काय? गाडी घेऊनच या."

शिमग्याच्या आधीची गोष्ट. घेवड्याची एक पिशवी वैशालीसाठी घेतली आणि एकटाच निघालो. खंबाटकीच्या बोगद्याकडं चढण लागली आणि गाडीनं आचके दिले, धाप लागल्यासारखी झाली आणि गप्प. मागून ट्रकवाल्यांचे हॉर्न. बॉनेट उघडून मी डिझेल वर चढवायचा हात पंप मारत बसलो. दहा-बारा मिनिटं गेली. चावी फिरवली तर पहिल्या झटक्यात चालू.

सौ.ला फोन केला. "अगं, गाडी बंद पडली होती. आता झाली आपोआप चालू."

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "असं होय. म्हणजे आता तुम्हीही झोपा काढताय का रस्त्यात?"

मी फोन ठेवला. सुमेधच्या जागेवर बसलो होतो, सुमेधसारखाच फोन केला होता, आणि मला जसा त्याच्यावर विश्वास ठेवायचा नव्हता तसा तिला माझ्यावर ठेवायचा नव्हता. कान गरम झाले. पण मास्तरकी अशी सहजासहजी जात नाही. कात्रज येईपर्यंत मी स्वतःची समजूत घातली की पंप कमजोर झालाय, चढावर दम टाकतो, आणि कमजोर कुणी केला ते मला माहीत आहे.

दुपारी नाशिक फाट्याचा उड्डाणपूल चढताना डाव्या हाताला कासारवाडी दिसली. दाटीनं उभी घरं, मधून रेल्वेचे रूळ, वर मेट्रो. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. तिथंच कुठल्या तरी घरात सुमेध बहिणीकडं राहत होता, हे मला दोन दिवसांनी कळायचं होतं.

मोशी

मोशी हे गाव होतं आणि आता काय आहे ते मोशीकरांनाही नक्की सांगता येत नाही. हायवेला लागून वीस-बावीस मजली इमारती, त्यांची नावं सगळी परदेशी, आणि दोन इमारतींच्या मधे अजून कुणाची तरी ज्वारी उभी. इंद्रायणीत पाणी आहे की जलपर्णी आहे ते लांबून ओळखू येत नाही. हिरवंगार मैदान समजून एखादा क्रिकेट खेळायला उतरायचा. आमच्याकडं माणूस भेटला की "कुठल्या वाडीचे?" विचारतात, इथं "कुठली शिफ्ट?" विचारतात. गळ्यात ओळखपत्र नसलेला मी एकटाच होतो. आणि सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते, कारण कारखान्यांची वीज त्या दिवशी बंद ठेवायची पद्धत पडून गेलेली. रविवारी निवांत उठायची सवय असलेल्या माणसानं इथं राहू नये.

वैशालीचं गॅरेज एका जुन्या गोठ्यात आहे. गोठ्याचे मालक आबा, मूळ मोशीचे, जमीन इमारतीखाली गेलेली, आता दिवसभर गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसतात. मला बघून म्हणाले, "पोरीचं मास्तर व्हय? या, बसा. ही तुमचं नाव लई काढती बरं का."

वैशाली हातात पाना घेऊनच वाकली आणि पाया पडली. मला गहिवरून आलं आणि तितकंच अवघडल्यासारखंही झालं, कारण शाळेत प्रयोगाच्या तासाला मी मुलींना मागं उभं करायचो.

तिनं सगळी लक्षणं विचारून घेतली. बंद पडते तेव्हा टाकी किती भरलेली असते? चढाला की सपाटीला? किती वेळानं चालू होते? मग सलाईनची नळी असते तसली पारदर्शक नळी पंपाच्या अलीकडं जोडली. "यातून डिझेल येताना दिसतं सर. एअर घेत असेल तर बुडबुडे दिसतील." मग म्हणाली, "आता असं करू, टाकी बाजूला ठेवू. बाहेरून डबा लावू आणि डब्यातलं डिझेल पाजून तासभर चालवू. डब्यावर नीट चालली तर पंप बरा आहे, दुखणं टाकीत आहे."

"टाकीत काय असणार?" मी म्हणालो. "पंपच गेलाय. आमच्या ड्रायव्हरनं घातलेल्या रॉकेलनं आतलं रबर खाल्लंय. तू सरळ इलेक्ट्रिक पंप टाक, आहे त्याच्यापेक्षा मोठा. मी मोबाइलवर सगळं वाचलंय."

तिनं जुना पंप उघडला. रबराचा पडदा बोटांनी ताणून, उजेडाकडं धरून बघितला. "सर, रबर तर चांगलं आहे."

"वरून चांगलंच दिसतं."

तिनं पंप बाजूला ठेवला. "बरं सर," म्हणाली. दुसऱ्या कुणी गिऱ्हाइकानं हे म्हटलं असतं तर तिनं त्याला गाडीसकट परत पाठवलं असतं, हे मला आबांनी नंतर सांगितलं. संध्याकाळपर्यंत नवा पंप टाकीजवळ बसला. चावी फिरवली की गुणगुणायचा. मला वाटलं, जिंकलो.

त्या रात्री तिच्या घरी मासवडी जेवलो. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण, सुरळी करून माशासारखे तुकडे, वर झणझणीत रस्सा. नावात मासा, ताटात एकही नाही. आमच्या घेवड्याच्या आमटीला मी कुणापुढं वाकू देत नाही, पण दुसऱ्यांदा मासवडी मागून घेतली. जेवताना मी पुन्हा सुमेधचं पुराण लावलं. हल्लीची माणसं, विश्वास, वगैरे. वैशालीच्या सासूबाईंनी मधेच विचारलं, "तुम्ही त्याला रॉकेल ओतताना पाहिलंत का हो?" मी म्हणालो, पाहायला कशाला लागतं? त्या म्हणाल्या, "भाकरी वाढू?"

चाकणचा रस्ता

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी चालवून बघायला निघालो. मी चालवायला, वैशाली शेजारी. चाकणच्या चौकातून तळेगावच्या रस्त्याला लागलो आणि नेमकी कंपन्यांची शिफ्ट सुटली. बसमागून बस, त्यांच्यामधून घुसणाऱ्या मोटारसायकली, कंटेनर तर रस्त्यावरच राहायला आलेले. आणि मी सांगत होतो, "बघ, कसा खेचतोय नवा पंप!"

अकराव्या मिनिटाला गाडी बंद.

जुन्या पंपावर निदान तासभर चालायची. ऐन रस्त्याच्या मधोमध, पुढं कंटेनर, मागं कामगारांची बस, आणि बसचा ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडतोय, "ओ काका! बाजूला घ्या की राव! लोकांना घरी जायचंय!" बसमधले चार-पाच जण उतरले आणि त्यांनी गाडी ढकलून कडेला लावली. एकजण जाताना म्हणाला, "काका, एखादा चांगला ड्रायव्हर ठेवा." खाली मान घालून हँडब्रेक ओढला.

वैशाली तोवर गाडीखाली शिरली होती. तिथून आवाज आला, "सर, इकडं या जरा."

मी गुडघे टेकून वाकलो. पारदर्शक नळीत बुडबुडा एकही नव्हता. नळीच चपटी झाली होती, दोन बोटांत दाबून धरावी तशी. नवा पंप ओढत होता, मागून थेंबही येत नव्हता, म्हणून नळीच आत ओढली गेली होती. निर्वात. आठवीचा धडा. बाटलीतली हवा ओढून घेतली की बाटली चेपते, हे मी तीस वर्षं दरसाल करून दाखवलंय.

"वाट टाकीतच अडलीय सर," वैशाली म्हणाली. "पंप जेवढा मोठा, तेवढं जोरात ओढणार आणि तेवढं लवकर अडणार. म्हणून अकरा मिनिटांत."

"तुला काल माहीत होतं?"

"शंका होती."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की सर," ती हात पुसत म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात."

टाकी

गॅरेजवर परत आल्यावर तिनं टाकी उतरवली. डिझेल कॅनमध्ये काढलं, वरची झाकणपट्टी खोलून डिझेल ओढणारा पाइप बाहेर घेतला आणि बॅटरीचा उजेड आत टाकला. आबा खुर्ची सोडून जवळ येऊन उभे राहिले. वैशालीनं लांब चिमटा आत घातला, जरा चाचपडली आणि काहीतरी वर काढून माझ्या तळहातावर ठेवलं.

आपट्याचं पान होतं. दोन पाळ्यांचं, डिझेलमध्ये मुरून काळपट झालेलं, चामड्यासारखं चिवट. मग तिनं तळाचा गाळ काढला. त्यात हळदीनं पिवळे झालेले तांदळाचे दाणे होते.

"अगंबाई," वैशाली म्हणाली. "टाकीत सोनं!"

आबा फिस्सकन हसले. "मास्तर, आमी पण गाडीची पूजा करतो, न्हाई असं न्हाई. पर तिला सोनं खायला न्हाई घालत."

वैशालीला काय वाटलं कोण जाणे, तिनं बादलीत स्वच्छ डिझेल घेतलं, पान त्यात सोडलं, पाइपाचं तोंड बुडवलं आणि नवा पंप चालू केला. पान हळूहळू फिरत फिरत आलं आणि पाइपाच्या तोंडाला चप्पकन चिकटलं. झाकण बसावं तसं. पंप बंद केला, की थोड्या वेळानं पान सुटून तळाशी गेलं. पुन्हा चालू केला, पुन्हा चिकटलं. गाडी बंद का पडत होती, मी पोचेपर्यंत चालू का होत होती, सगळं त्या बादलीत दिसत होतं. आबा मान डोलावत होते. प्रयोग तिचा चालला होता आणि मागं उभा मी होतो.

पान बघितल्या क्षणीच मला दसरा आठवला होता. ते इथं लिहितो, आणि जसं झालं तसंच लिहितो.

दसऱ्याला अंगणात गाडीची पूजा होती. दहा-बारा माणसं जमलेली. सुमेधनं गाडी सकाळीच धुवून पुसून चकचकीत केली होती. तो पांढरे कपडे घालून आला होता, कारण त्यांचा धम्मचक्र प्रवर्तन दिन त्याच दिवशी असतो आणि त्याला विहारात जायचं होतं. मी पूजा होईपर्यंत त्याला थांबवून ठेवलं होतं. हार झाला, नारळ झाला, आणि लोकांसमोर मला काय हुरूप आला देव जाणे. म्हणालो, नुसतं वरून कशाला, गाडीच्या पोटातही देव पाहिजे. टाकीचं झाकण उघडलं आणि आपट्याचं पान नि अक्षता घेऊन पुढं झालो. सुमेध हळूच म्हणाला, "सर, टाकीच्या तोंडाची जाळी फाटलीय. ते आत जाईल."

मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "तू मधे बोलू नकोस. तुमच्यात देव मानत नाहीत, म्हणून आम्ही पण सोडायचा काय?"

लोक हसले. मीही हसलो. पान आत टाकलं. सुमेध चावी माझ्या हातात देऊन निघून गेला. आणि हे मी विसरलो होतो. लाज याचीच सगळ्यात जास्त वाटते. ते वाक्य बोलून मी त्या दिवशी पुरणपोळी खाल्ली, दुपारी झोपलो आणि विसरून गेलो.

मी बादलीजवळच्या टायरवर बसलो. वैशालीनं पाणी आणून दिलं. तिला सगळं सांगितलं. तिनं पान बादलीतून काढून माझ्या हातात दिलं. मग म्हणाली, "सर, नवा पंप राहू दे. त्याच्या अलीकडं काचेच्या भांड्याचा एक जादा फिल्टर बसवते, कचरा आला तर डोळ्यांना दिसेल. आणि टाकीच्या तोंडाला नवी जाळी लावते." थांबून म्हणाली, "तुम्ही त्याला भेटून या."

कासारवाडी, गुरुवार

सुमेधचा पत्ता सौ.ला विचारला. तिच्याकडं त्याच्या बहिणीचा पत्ता नि नंबर लिहून ठेवलेलाच होता. "तुम्ही कधीतरी मागाल म्हणून," म्हणाली. बाकी काही विचारलं नाही.

गुरुवार, म्हणजे इथला रविवार. कासारवाडी स्टेशनच्या मागच्या गल्लीत लोक दारात खुर्च्या टाकून निवांत बसले होते, कुणी स्कूटर धूत होतं, पोह्यांच्या गाडीवर गर्दी होती. बहिणीचं घर दुसऱ्या मजल्यावर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली वह्यांचे गठ्ठे. त्या प्रज्ञाताई, महापालिकेच्या शाळेत शिकवतात. "या सर," म्हणाल्या. त्या 'सर'मध्ये काहीही नव्हतं, राग नाही आणि मानही नाही. एका शिक्षकाला दुसऱ्या शिक्षकाचा आवाज कळतो.

सुमेध आतून आला. वाळला होता. मला बघून थबकला आणि सवयीनं म्हणाला, "गाडी बंद पडली का सर?"

मी वाटेत चांगलं भाषण तयार केलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना. खिशातून रुमाल काढला, सोडला आणि पान समोरच्या स्टुलावर ठेवलं. घरभर डिझेलचा वास पसरला.

सुमेधनं पानाकडं बघितलं. "सापडलं तर," म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"पान आत पडलं ते बघितलं होतं सर. गाडी बंद पडायला लागली तेव्हा वाटलं, तेच असणार."

"अरे मग सांगायचंस ना!" माझा आवाज पुन्हा मास्तरासारखा चढला, आणि मला स्वतःचीच शिसारी आली.

"एकदा सांगितलं होतं," सुमेध म्हणाला. "दुसऱ्यांदा सांगितलं असतं, तुमच्या पूजेमुळं गाडी बंद पडते, तर तुम्ही काय म्हणाला असता? चोर तर एकट्यालाच म्हणालात. ते बोललो असतो तर आमच्या सगळ्यांना काहीतरी म्हणाला असता."

मला हो म्हणावं लागलं, कारण मी म्हणालोच असतो.

"चुकलो मी," म्हणालो. "गाडी तुझीच समज. चल परत." आणि डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायला हातात तो डिझेलचा रुमाल, त्यामुळं डोळे चुरचुरून आणखी पाणी. प्रज्ञाताईंनी टॉवेल आणून दिला.

"सध्या काय करतोस?"

"चाकणला गोडाउनात आहे. खोकी मोजतो."

"गाडी का नाही चालवत? तुझ्यासारखा हात कुणाला मिळतोय!"

त्यानं बहिणीकडं बघितलं. त्यांनीच उत्तर दिलं. "ड्रायव्हर ठेवताना आधीच्या मालकाचा नंबर मागतात, सर. त्यानं कुणाचा नंबर द्यायचा?"

चहा आला. मी म्हणालो, माझा नंबर दे, हव्या त्याला दे, मी सांगतो तू कसा आहेस ते. सुमेधनं मान हलवली. "देईन. पण सर, तुम्ही इथं आलात, बरं वाटलं, खरंच. फक्त मला चोर इथं कुणी म्हटलं नव्हतं. टपरीवर म्हटलं होतं. आई अजून तिथंच राहते. दळणाला जाते, बाजारात जाते."

तो मला खालपर्यंत सोडायला आला. गाडीखाली वाकून नवा पंप बघितला, काचेचं भांडं बघितलं, टाकीच्या तोंडाची जाळी बोटानं दाबून बघितली. "चांगलं काम केलंय," म्हणाला. परत येतो म्हणाला नाही.

कोरेगाव

येताना गाडी एकदाही बंद पडली नाही. आमच्या दिशेला बोगदा नसतो, घाटाच्या वळणांनी चढावं लागतं. गाडी एका दमात चढली. एवढ्या चांगल्या चालणाऱ्या गाडीत बसून मला कधी इतकं वाईट वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला टपरीवर गेलो. चहा सांगितला नाही, आधी उभा राहिलो. म्हणालो, "सुमेधला मी इथं चोर म्हणालो होतो. तो चोर नव्हता. टाकीत पान मी टाकलं होतं, त्यामुळं गाडी बंद पडत होती. चूक माझी होती." लोक चपापले. मग एकजण, माझ्याच वयाचा, माझ्याबरोबर नोकरी केलेला, माझ्या पाठीवर थाप टाकून म्हणाला, "जाऊ द्या हो सर, कशाला एवढं लावून घेता? या खेपेला नसेल केलं त्यानं. पण ही माणसं..."

तो पुढं काय म्हणाला ते मी ऐकलं नाही. आवाज त्याचा होता, पण बोलण्याची ढब, मधेच थांबायची लकब, थेट माझी होती. "पुढं एक शब्द बोलू नका," मी म्हणालो. इतक्या जोरात की चहावाल्यानं गॅस बारीक केला. मग तिथून सुमेधच्या आईकडं गेलो, आणि तेच सगळं दारात उभं राहून पुन्हा सांगितलं. त्यांनी आत या म्हटलं नाही, आणि का म्हणावं?

संध्याकाळी सुमेधला फोन केला. म्हटलं, सांगितलं सगळ्यांना. टपरीवर, दहाला.

"कोण कोण होतं सर?"

मी एकेक नाव घेतलं. तो प्रत्येक नावाला "हं" म्हणत होता.

"पानाचं सांगितलंत?"

"सांगितलं."

"आणि पान टाकताना मला काय म्हणाला होतात, ते?"

चोर म्हणालो ते सांगितलं होतं, पान टाकलं ते सांगितलं होतं. ते वाक्य तेवढं जिभेवर आलंच नव्हतं, कारण दसऱ्याला हसलेली अर्धी माणसं तिथं समोरच उभी होती.

"नाही," मी म्हणालो. "तेवढं राहिलं."

"बरं," सुमेध म्हणाला. "राहू द्या सर." आणि त्यानं फोन ठेवला.

राहू द्यायचं नाही म्हणून हे लिहिलं. वर टाकीच्या भागात ते वाक्य जसं बोललो तसं दिलं आहे. संपादकांना एकच विनंती. जागा कमी पडली तर खंबाटकी काढा, इंद्रायणी काढा, मासवडीही काढा. ते वाक्य काढू नका.